धावपट्टीबाहेरचा हिशेब : हवाई वाहतुकीचे अर्थशास्त्र आणि कर्जत-खालापूर

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत विमानतळ नाही. तरीही जानेवारी २०१३ मध्ये महाराष्ट्र शासनाने पनवेल, उरण आणि पेण यांच्याबरोबर या दोन तालुक्यांतील काही गावे एका नव्या नावाखाली अधिसूचित केली. ते नाव होते ‘नवी मुंबई विमानतळ प्रभाव अधिसूचित क्षेत्र’. इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक त्याला ‘नैना’ म्हणतात. पुढे या क्षेत्राच्या सीमा बदलल्या, काही गावे इतर प्राधिकरणांकडे गेली, पण नाव टिकले. अधिसूचना निघाली तेव्हा विमानतळाची कोनशिलाही बसलेली नव्हती. ती १८ फेब्रुवारी २०१८ रोजी बसली. उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि प्रवासी विमानांची नियमित ये-जा २५ डिसेंबर २०२५ रोजी सुरू झाली. म्हणजे प्रभाव आधी आला आणि विमान त्यानंतर जवळपास तेरा वर्षांनी.

हा क्रम उलटा वाटतो, पण हवाई वाहतुकीच्या अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो अगदी स्वाभाविक आहे. या विषयावर जगात गेल्या सत्तर वर्षांत जे संशोधन झाले, ते वाचत गेल्यावर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. या धंद्यात विमान उडवणाऱ्याच्या हाती फारसे उरत नाही. उरते ते दुर्मीळ जागा ज्याच्या ताब्यात असते त्याच्याकडे. ती जागा धावपट्टीवरच्या एखाद्या घटकेच्या रूपात असते, विमानतळाच्या दुकानांच्या रूपात असते किंवा विमानतळापासून तासाभराच्या अंतरावरच्या माळरानाच्या रूपात असते. यातल्या पहिल्या दोन जागांचा अभ्यास भरपूर झाला आहे. तिसऱ्या जागेचा अभ्यास करायचा तर कर्जत-खालापूरसारखे ठिकाण शोधून सापडणार नाही. विद्यापीठातल्या एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने हा विषय हाती घ्यावा, आणि त्याआधी सर्वसाधारण वाचकालाही त्याचा गाभा कळावा, एवढ्यासाठी हा लेख आहे.

भरल्याशिवाय न सुटणारी आणि न भरताच सुटणारी

कर्जत स्टेशनाबाहेरची टमटम भरल्याशिवाय सुटत नाही. नेरळहून माथेरानकडे जाणारी टॅक्सीही माणसे मोजूनच निघते. चालकाने अर्थशास्त्र वाचलेले नसते, पण गाडी निघाल्यावर रिकामी राहिलेली जागा पुन्हा विकता येत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. त्यावर त्याचा उपाय म्हणजे थांबणे. प्रवाशाचा वेळ खर्ची घालून तो स्वतःचे नुकसान टाळतो.

विमानाला हा उपाय उपलब्ध नाही. सव्वासातचे विमान सव्वासातलाच सोडावे लागते. समजा १८० जागांच्या विमानाची एक फेरी सगळे धरून आठ लाख रुपयांना पडते आणि सरासरी तिकीट पाच हजारांचे आहे. मग पहिली १६० तिकिटे केवळ खर्च भरून काढण्यात जातात आणि सगळा नफा शेवटच्या वीस जागांत असतो. उलट बाजूने पाहिले तर फेरी ठरल्यावर एक जादा प्रवासी बसवायला कंपनीला जवळजवळ काहीच लागत नाही. थोडे इंधन, एक पाण्याची बाटली, एवढेच. म्हणून शेवटची जागा कितीही स्वस्तात विकण्याचा मोह होतो. तो मोह स्पर्धकालाही होतो आणि दोघांचेही दर खाली येतात.

अमेरिकेत १९७८ मध्ये विमान कंपन्यांवरील दरनियंत्रण उठवण्याचा कायदा झाला. त्यामागे आल्फ्रेड कान हे अर्थशास्त्रज्ञ होते. आपल्याला एक विमान दुसऱ्यापासून वेगळे ओळखता येत नाही, आपल्या लेखी विमान म्हणजे पंख लावलेला सीमांत खर्च, असे ते म्हणत. या एका कल्पनेवर पुढची कितीतरी संशोधने उभी राहिली. एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळे पैसे का मोजलेले असतात, हेही याच कल्पनेतून उलगडते. ज्याला उद्या सकाळीच दिल्ली गाठायची आहे त्याच्याकडून जास्त घ्यायचे आणि ज्याला पुढच्या महिन्यात केव्हाही चालते त्याला स्वस्तात बसवायचे. असे केले तरच विमान भरते.

भारतात या गणिताचा फटका कसा बसतो ते आपण पाहिले आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेला हा धंदा १९९४ मध्ये कायदेशीररीत्या पुन्हा खासगी कंपन्यांसाठी खुला झाला. त्यानंतर किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. जगभरच्या विमान कंपन्यांच्या संघटनेने २०२५ सालासाठी वर्तवलेला अंदाज असा होता की, एका प्रवाशामागे कंपनीला सरासरी सात डॉलरच्या आसपास निव्वळ नफा राहील. पैसा एवढा फिरतो आणि हाती एवढेच राहते. मग बाकीचा जातो कुठे?

पसारा नव्हे, दाटी

या प्रश्नाच्या उत्तरातला पहिला टप्पा म्हणजे १९८४ मध्ये केव्हज, क्रिस्टेनसन आणि ट्रेथवे या तिघांनी प्रसिद्ध केलेला एक निबंध. मोठ्या विमान कंपन्यांचा दर प्रवाशामागचा खर्च लहान कंपन्यांपेक्षा कमी असतो, हे दिसत होते. पण कशामुळे? त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. जास्त गावांना जाणे ही एक आणि त्याच गावांदरम्यान जास्त माणसे नेणे ही दुसरी. त्यांना असे आढळले की नुसता पसारा वाढवल्याने खर्च कमी होत नाही, तो दाटी वाढल्याने कमी होतो. त्याच मार्गावर माणसे वाढली की मोठे विमान लावता येते, फेऱ्या वाढवता येतात आणि तेच कर्मचारी जास्त काम करतात.

एसटीच्या कारभाराशी परिचय असलेल्यांना हे नवे नाही. दहा वाड्यांना दिवसातून एकेक गाडी सोडणे आणि एकाच गर्दीच्या मार्गावर दहा गाड्या सोडणे यांचा खर्च सारखा असला तरी हिशेब सारखा नसतो. केंद्र सरकारने २०१६ मध्ये आणलेली ‘उडान’ योजना याच अडचणीवर उभी आहे. दाटी नसलेल्या मार्गावर विमान चालत नाही, म्हणून तुटीची रक्कम बाहेरून द्यावी लागते, आणि त्यासाठी गर्दीच्या मार्गांवरील उड्डाणांवर आकार बसवला जातो.

दाटीच्या नियमाचा परिणाम असा की विमाने आधीच गर्दी असलेल्या ठिकाणी जमतात. पुण्याचे उदाहरण घ्या. लोहगावचा तळ हवाई दलाचा आहे. तेथून परदेशी जाणारी विमाने मोजकीच आहेत. परिणामी परदेशी जाणारा पुणेकर मोटारीत बसतो, घाट उतरतो, खालापूरचा टोलनाका ओलांडतो आणि मुंबई गाठतो. विमानतळाला जेथून प्रवासी मिळतात त्या प्रदेशाला या शास्त्रात विमानतळाचे ‘पाणलोट क्षेत्र’ म्हणतात. पाताळगंगेच्या आणि उल्हासच्या खोऱ्यांत राहणाऱ्यांना हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको. पाणी जसे उतार पाहून वाहते तसा प्रवासी वेळ, पैसा आणि सोय यांचा उतार पाहून वाहतो. नवी मुंबईचा विमानतळ पनवेलच्या दाराशी उभा राहिल्याने पुण्याच्या प्रवाशाचा उतार बदलला आहे. घाट उतरल्यावर पहिला विमानतळ आता हाच लागतो.

आकाशातला खंड

दाटी वाढत गेली की एक दिवस जागा संपते. मुंबईच्या जुन्या विमानतळाचे हेच झाले. तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी व्यवहारात एकच वापरता येते. तरीही २०१८ मध्ये त्या विमानतळाने एका दिवसात हजारांहून अधिक विमाने चढवली-उतरवली. यापुढे सकाळची आठची वेळ वाढवता येत नाही. ती जेवढी आहे तेवढीच आहे.

विमानाला धावपट्टी वापरण्यासाठी मिळालेल्या ठरावीक वेळेला ‘स्लॉट’ म्हणतात. स्लॉट कोणाला द्यायचा यासंबंधी जगभर रूढ असलेला आणि आपणही पाळतो तो नियम असा की, गेल्या हंगामात ज्याने तो नीट वापरला त्याचा या हंगामातही हक्क. त्याबद्दल लिलाव नाही, वेगळी किंमत नाही. विमान उतरवण्याचा आकार परंपरेने विमानाच्या वजनावर ठरतो, वेळेवर नाही. पहाटे तीनला उतरा की सकाळी आठला, वजन तेच तर आकार तोच. १९६९ मध्ये मायकेल लेव्हिन यांनी आणि १९७० मध्ये कार्लिन व पार्क यांनी या पद्धतीतली चूक दाखवून दिली. गर्दीच्या वेळी उतरणारे प्रत्येक विमान मागच्या सगळ्या विमानांना उशीर करते. तो उशीर त्या विमानाच्या बिलात येत नाही.

अर्थशास्त्र शिकलेल्यांना येथे डेव्हिड रिकार्डो आठवावा. धान्य महाग आहे ते जमिनीचा खंड जास्त आहे म्हणून नव्हे, तर धान्य महाग आहे म्हणून खंड जास्त येतो, असे त्याने १८१७ मध्ये मांडले. स्लॉटचेही तसेच आहे. सकाळच्या दिल्ली-मुंबई तिकिटातला जादा पैसा विमानाच्या गुणाचा नसतो, तो त्या वेळेच्या दुर्मीळपणाचा खंड असतो. जेट एअरवेज बंद पडली तेव्हा मुंबईतले तिचे स्लॉट इतर कंपन्यांना तात्पुरते वाटून देण्यात आले. कंपनी बुडाली, तरी तिच्या ताब्यातल्या वेळेला मागणी होतीच.

गल्ला कोणाचा

दुसरी दुर्मीळ जागा विमानतळाची इमारत. प्रवासी तेथे तास-दोन तास अडकलेला असतो. दुकाने, वाहनतळ, जाहिराती यांतून विमानतळाला मोठे उत्पन्न मिळते. प्रश्न असा की, विमान कंपन्यांकडून आणि प्रवाशांकडून घ्यायचे आकार ठरवताना हे उत्पन्न मोजायचे की नाही? सगळे मोजले तर आकार कमी होतात. याला ‘एकच गल्ला’ म्हणता येईल. अजिबात न मोजले तर दोन गल्ले, आणि दुकानांचा फायदा पूर्णपणे चालकाचा. भारताने २०१६ च्या हवाई धोरणात मधला मार्ग घेतला. विमानसेवेबाहेरच्या उत्पन्नातले ३० टक्के आकार कमी करण्यासाठी धरायचे.

हे आकार ठरवण्यासाठी २००८ च्या कायद्याने विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण स्थापन झाले. नवी मुंबईच्या विमानतळासाठी या प्राधिकरणाने सुरुवातीचा तात्पुरता दर मंजूर केला, तो देशांतर्गत विमानाने निघणाऱ्या प्रवाशामागे ६२० रुपये आणि उतरणाऱ्यामागे २७० रुपये असा. अशा आकारांमागचे तत्त्व सोपे आहे. चालकाने गुंतवलेल्या भांडवलावर वाजवी परतावा मिळाला पाहिजे.

‘वाजवी परतावा’ हे शब्द या भागाला नवे नाहीत. जी. आय. पी. रेल्वे कंपनीला सरकारने भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिलेली होती. हमी असल्यावर काटकसर कोण करणार, ही टीका तेव्हाच होऊ लागली होती. १९६२ मध्ये अ‍ॅव्हर्च आणि जॉन्सन या दोघांनी तीच गोष्ट गणिताने मांडली. परतावा भांडवलावर मोजला जात असेल तर धंदेवाईकाचा कल भांडवल गरजेपेक्षा जास्त ओतण्याकडे झुकतो. नियामक असतो तो हा कल रोखण्यासाठी. म्हणून विमानतळाच्या पहिल्या टप्प्याचा १९,६५० कोटी रुपयांचा खर्च हा केवळ बांधकामाचा आकडा नाही. पुढची कित्येक वर्षे प्रवाशाच्या तिकिटात येणाऱ्या आकाराचा तो पाया आहे.

येथे आणखी एक मुद्दा येतो. मुंबईचा विमानतळ २००६ मध्ये खासगी चालकाकडे देताना, दीडशे किलोमीटरच्या आत दुसरा विमानतळ झाला तर त्या बोलीत या चालकाला अग्रहक्क राहील, असे कलम करारात होते. २०१७ मध्ये नवी मुंबईचे काम त्याच समूहाकडे गेले, आणि २०२१ मध्ये दोन्ही विमानतळ अदानी समूहाकडे आले. नवी मुंबईत सिडकोचा वाटा २६ टक्के आहे. लंडनमध्ये हीथ्रो, गॅटविक आणि स्टॅन्स्टेड एकाच कंपनीकडे होते. तेथील स्पर्धा आयोगाने २००९ मध्ये ते वेगळे करण्याचा आदेश दिला. दोन शहरांच्या परिस्थिती वेगळ्या आहेत आणि दोन विमानतळ एकाच हाती असण्याचे काही फायदेही सांगता येतात. पण दोन विमानतळ झाले म्हणजे आपोआप स्पर्धा झाली, असे समजण्याचे कारण नाही.

घाटाखालचे तीन अनुभव

आता तिसऱ्या जागेकडे, म्हणजे जमिनीकडे वळू. कर्जत-खालापूरमधून मोठी बांधकामे जाण्याची ही पहिली वेळ नव्हे. आधीचे तीन अनुभव नोंदलेले आहेत.

पहिला रेल्वेचा. १८५६ मध्ये मुंबईकडून येणारी रेल्वे खोपोलीपर्यंत पोहोचली. १८५८ मध्ये घाटावर खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट उतारूंना पालखीने, गाडीने किंवा पायी चढावा लागे. खोपोली हे शेवटचे स्थानक, म्हणून तिला महत्त्व. १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला झाला, मुख्य मार्ग कर्जतहून पळसदरीवरून वर वळला आणि खोपोली फाट्यावरचे गाव झाले. घाटासाठी गाड्यांना मागून जादा इंजिने कर्जतला लागू लागली, गाड्या तेथे थांबू लागल्या आणि कर्जतच्या फलाटाला बाजार आला. सात वर्षांत स्थानाचा लाभ एका गावातून दुसऱ्या गावात गेला. दोन्ही गावांतल्या कोणाचे कष्ट वाढले किंवा कमी झाले म्हणून हे घडले नाही.

दुसरा विजेचा. टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये आणि भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले. घाटमाथ्यावरचे पाणी खाली आणून झालेली ही वीज मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. गाळलेले पाणी मात्र पाताळगंगा आणि उल्हास या नद्यांत बारमाही उतरू लागले आणि खालच्या गावांना त्याचा उपयोग झाला. योजनेच्या हिशेबात नसलेला हा लाभ आज मूळ हिशेबाइतकाच मोलाचा ठरला आहे.

तिसरा रस्त्याचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. खालापूरला टोलनाका आला. जुन्या हमरस्त्यावर खोपोलीत थांबणारा प्रवासी द्रुतगती मार्गावरच्या फूडमॉलकडे सरकला. रस्ता तालुक्यातून गेला, पण त्यावर चढण्या-उतरण्याच्या जागा मोजक्याच. लाभ त्या मोजक्या जागांभोवती साठला.

तिन्ही अनुभवांतून एकच नियम निघतो. वाहतुकीचे साधन लाभ निर्माण करते, पण तो समान पसरत नाही. जेथे वाहन थांबते, वळते किंवा चढ-उतार करू देते तेथे तो साचतो. त्यामुळे विमानतळाचा कर्जत-खालापूरला फायदा होईल का, हा प्रश्न ढोबळ आहे. नेमका प्रश्न असा की, तो कोणत्या गावात, कोणत्या वर्षी आणि सातबाऱ्यावर तेव्हा कोणाचे नाव असताना झाला?

कुंपणाच्या आत आणि बाहेर

विमानतळाच्या कुंपणाच्या आत आलेल्या गावांची कहाणी वेगळी आहे. उलवे परिसरातील दहा गावठाणे उठली. तेथे मोबदल्याची वाटाघाट सामूहिक झाली. संपादित जमिनीच्या बदल्यात २२.५ टक्के विकसित भूखंड, हे सूत्र ठरले. त्यामागे जानेवारी १९८४ चे जासई परिसरातले आंदोलन होते, ज्यात गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले आणि ज्यातून साडेबारा टक्क्यांचे सूत्र आले. त्या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील. विमानतळाला त्यांचे नाव देण्याची मागणी याच इतिहासातून उभी राहिली. जमिनीच्या वाढत्या किमतीत मूळ मालकाचा वाटा राहिला पाहिजे, हा त्या सूत्राचा अर्थ.

कुंपणाबाहेर, खालापूर आणि कर्जतमध्ये, असे सूत्र फार थोड्या ठिकाणी आहे. नैनातल्या नगररचना योजनांत मूळ मालकाला सुमारे ४० टक्के जमीन विकसित भूखंडाच्या रूपात परत मिळते, पण त्याबाहेरचा व्यवहार एकेकट्याचा. शेतकरी दुय्यम निबंधक कार्यालयात जातो, खरेदीखत होते, फेरफार होतो आणि पुढच्या वाढीशी त्याचा संबंध संपतो. २००७ मध्ये केंद्राने विमानतळाला तत्त्वतः मान्यता दिली, २०१० मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली, २०१३ मध्ये नैना आले, २०१८ मध्ये कोनशिला, २०२५ मध्ये उद्घाटन. प्रत्येक तारखेला जमिनीच्या किमतीला पुढे जाण्याचे एक कारण मिळाले. ज्याला पुढची तारीख ठाऊक होती तो थांबला. ज्याच्या घरात लग्न, आजारपण किंवा कर्ज होते त्याने विकली.

त्यातही सगळ्यांची स्थिती सारखी नाही. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाण्यावर महसूल कायद्याची बंधने आहेत. ज्या ठाकर आणि कातकरी कुटुंबांच्या नावे जमीनच नाही, त्यांना किंमत वाढल्याचा लाभ शून्य. उलट घर बांधायला गुंठाभर जागा घ्यायची तर वाढलेली किंमत त्यांच्या वाट्याला येते. माथेरानभोवतीचे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र २००३ मध्ये अधिसूचित झाले. त्यात या दोन तालुक्यांचाही भाग येतो. तेथे बांधकामाला आवर आहे आणि तो योग्यच आहे. पण अर्थशास्त्राच्या नियमाने, जेथे पुरवठा अडतो तेथे मागणी शेजारच्या मोकळ्या जागेवर जाते आणि तिची किंमत आणखी वाढते.

मालवाहतुकीकडूनही फार अपेक्षा ठेवता येणार नाहीत. विमानाने जाते ती वजनाच्या मानाने महाग किंवा लवकर नासणारी वस्तू. औषधे, यंत्रांचे सुटे भाग, फुले, हंगामातला आंबा. कर्जतच्या भातसंशोधन केंद्राने दिलेल्या वाणांचा तांदूळ उत्तम असतो, पण तो विमानाने जाणारा नव्हे. येथल्या शेतकऱ्याजवळ विमानतळाला विकण्यासारखी मुख्य वस्तू जमीनच आहे, आणि ती एकदाच विकता येते.

प्रभाव मोजायचा कसा

पदव्युत्तर संशोधनाला येथे खरे काम आहे. पद्धती उपलब्ध आहेत. पहिली पद्धत घटकनिहाय किमतीची. जमिनीची किंमत पाणी, रस्ता, उतार, स्टेशनापासूनचे अंतर, बिगरशेती परवानगी अशा घटकांत फोडायची आणि इतर सगळे सारखे धरून विमानतळापासूनच्या अंतराचा भाग किती ते काढायचे. दुसरी पद्धत तुलनेची. प्रभावक्षेत्रातली गावे आणि तशीच पण क्षेत्राबाहेरची गावे घ्यायची, २०१३ च्या आधी व नंतर दोन्हींत किती फरक पडला ते पाहायचे आणि त्या दोन फरकांमधला फरक काढायचा. हद्दीची रेषा कागदावर ओढलेली असल्याने रेषेच्या अल्याड-पल्याडच्या गावांत जमीन, पाऊस, पीक सारखेच असते. संशोधकाला यापेक्षा चांगली प्रयोगशाळा मिळणे कठीण.

साधनेही सरकारी दप्तरात आहेत. दुय्यम निबंधकांकडील सूची क्रमांक दोन, दरवर्षीचे बाजारमूल्य दर तक्ते, गाव नमुना सहामधील फेरफार. अडचण एवढीच की कागदावरची किंमत आणि प्रत्यक्ष दिलेली किंमत नेहमी एक नसते. म्हणून गावात जाऊन विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला विचारणे टळत नाही. या कामाला आपल्याकडे परंपरा आहे. धनंजयराव गाडगीळ आणि गोगटे यांनी १९३५ मध्ये मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतील मोटारबस वाहतुकीची पाहणी गोखले संस्थेतर्फे प्रसिद्ध केली. त्या काळी मोटारबस हे नवे साधन होते, जसा आज या भागाला विमानतळ नवा आहे. नवे साधन आल्या आल्या त्याची पाहणी करायची, ही शिस्त त्यांनी घालून दिली.

विमानतळाचा प्रभाव आणि इतर कामांचा प्रभाव वेगळा काढणे ही दुसरी अडचण. पनवेल-कर्जत हा २९.६ किलोमीटरचा नवा उपनगरी मार्ग, त्यावरचा वावर्ल्याचा अडीच किलोमीटरहून लांब बोगदा आणि चौकचे स्थानक यांमुळेही जमिनीचे भाव हलले आहेत. विमानतळ नसता तरी हा मार्ग झाला असता का? झाला असता तर त्याचा लाभ विमानतळाच्या खात्यावर लिहिता येणार नाही. प्रबंधाची खरी परीक्षा अशा प्रश्नांत होते.

कोणाची मिनिटे मोजायची

विमानतळाच्या सामाजिक हिशेबाचा सर्वांत गाजलेला प्रयत्न इंग्लंडमधला. लंडनच्या तिसऱ्या विमानतळाची जागा ठरवण्यासाठी १९६८ मध्ये रॉस्किल आयोग नेमला गेला. आयोगाने चार जागांचा लाभ-खर्च पैशांत मांडला. गोंगाट, घरे, शेती, सगळ्याला किंमत लावली. त्या हिशेबात सर्वांत जड निघाली ती विमानप्रवाशांच्या वेळेची किंमत. प्रवासी श्रीमंत, त्यांचा तास महाग, म्हणून शहरापासून दूरची जागा हिशेबात तोट्याची ठरली. आयोगाने १९७१ मध्ये कब्लिंग्टनची शिफारस केली, एका सदस्याने, कॉलिन ब्युकॅनन यांनी, विरोधी मत नोंदवले, सरकारने समुद्राकाठची वेगळीच जागा निवडली आणि १९७४ मध्ये तीही सोडून दिली.

यातून लाभ-खर्चाचा हिशेब व्यर्थ असतो असा अर्थ काढू नये. अर्थ एवढाच की, हिशेबात कोणाची मिनिटे धरली आहेत ते आधी पाहावे. विमानाने जाणाऱ्याची वाचलेली अर्धी तास मिळकतीच्या दराने मोजली आणि कर्जतहून पहाटेच्या लोकलने मुंबईला कामावर जाणाऱ्याचा वेळ त्याच्या मजुरीच्या दराने मोजला, तर उत्तर आधीच ठरलेले असते. जागेसाठी रेवस-मांडव्याचाही विचार झाला होता. त्या पर्यायाशी तुलना करताना कर्जत-खालापूरच्या जमिनीतली उलथापालथ कोणत्या रकान्यात लिहायची, हा प्रश्न अभ्यासकाने विचारायलाच हवा. आजही विमानतळाच्या ताळेबंदात ही उलथापालथ दिसत नाही. विमान कंपनीच्या वहीत नाही, चालकाच्या वहीत नाही, नियामकाच्या आदेशात नाही. ती फक्त तलाठ्याच्या दप्तरात आहे.

शासनाच्या कर-निर्णयांत मात्र विमानतळ आधीच गृहीत धरलेला दिसतो. २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात विमान इंधनावरील मूल्यवर्धित कर बृहन्मुंबई, पुणे आणि रायगड येथे २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला गेला. रायगडात तेव्हा प्रवासी विमानतळ सुरू व्हायचा होता. विमान कंपनीला सवलत देताना पुढचा विचार करता येतो, तर मूळ जमीनमालकाच्या बाबतीतही तो करता येईल. खरेदीखतानंतर ठरावीक वर्षांत जमिनीचा वापर बदलला आणि किंमत अनेक पटींनी वाढली तर त्या वाढीचा काही अंश मूळ मालकाला किंवा त्याच्या ग्रामपंचायतीला मिळावा, अशी तरतूद विचारात घेण्यासारखी आहे. पण किती अंश, किती वर्षे, कोणत्या गावांत, हे सांगायला आधी आकडे हवेत.

ते आकडे गोळा करण्याची वेळ आताची आहे. २००७ ते २०१३ या काळात ज्यांनी जमिनी विकल्या ती माणसे आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांना व्यवहार आठवतो, मध्यस्थ आठवतो, पैसे कशात खर्च झाले तेही आठवते. आणखी दहा वर्षांनी हाती फक्त खरेदीखते उरतील. विद्यार्थ्याने सुरुवात म्हणून प्रभावक्षेत्राच्या रेषेलगतची पाच गावे आतली आणि पाच बाहेरची निवडावीत, प्रत्येकाचे २००५ पासूनचे फेरफार उतरवून घ्यावेत आणि मग त्या नावांच्या घरी जावे. कर्जत आणि खालापूरच्या कचेऱ्या एका दिवसात करता येतील इतक्या जवळ आहेत. घरांना मात्र वेळ लागेल.